आमचा तक्ता भिंतीवर परत लावू द्या

सीमाभागात आई-मुलांच्या पोषणाची जबाबदारी सांभाळणाऱ्या सर्व अधिकाऱ्यांस,

सप्रेम नमस्कार.

मी कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली निवृत्त शिक्षिका. ३१ वर्षे सरकारी मराठी शाळेत खालचे वर्ग शिकवले. आज गावात ज्या तरुण आया कडेवर पोर घेऊन अंगणवाडीच्या दारात उभ्या असतात, त्यांतल्या बऱ्याच जणींना मुळाक्षरे मी गिरवायला लावली आहेत. त्यांना काय वाचता येते आणि काय येत नाही, हे मला पक्के ठाऊक आहे. म्हणून हे पत्र. चार लोकांनीही वाचावे म्हणून ते उघडपणे लिहिते आहे.

गेल्या सप्टेंबरात पोषण महिना सुरू झाला, तेव्हा आमच्या स्त्रीशक्ती संघातल्या, म्हणजे बचत गटातल्या, सहा बायकांनी मिळून एक तक्ता केला. जुन्या कॅलेंडरची चार पाने पाठकोरी घेऊन गव्हाच्या खळीने जोडली. वर गोळ्यांचे रंग काढले. लाल गोळी गरोदर बाईची आणि बाळंतिणीची, निळी १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींची, गुलाबी ५ ते ९ वर्षांच्या पोरांची. प्रत्येक गोळीपुढे ती कशासाठी, कधी घ्यायची, कशाबरोबर घ्यायची नाही, हे मोठ्या अक्षरांत मराठीत लिहिले. खाली कोपऱ्यात ‘अ’ जीवनसत्त्वाच्या औषधाचा चमचा काढला आणि त्यावर अर्ध्यावर रेघ मारली, कारण नऊ महिन्यांच्या बाळाला अर्धाच चमचा, म्हणजे १ मिली द्यायचा असतो, आणि पुढे पूर्ण, २ मिली. नववीतल्या एका मुलीने पपईचे चित्र काढले. ते इतके छान आले होते की बायका आधी पपईच बघायच्या.

तक्ता ११ दिवस अंगणवाडीच्या भिंतीवर राहिला. बाराव्या दिवशी भेटीला आलेल्या एका साहेबांनी त्याच्याकडे बोट दाखवून विचारले, हे कोणत्या भाषेत आहे? अंगणवाडीच्या टीचरने सांगितले. ‘काढून टाका,’ एवढे म्हणून साहेब वजनकाट्याकडे वळले. त्यात काही चुकीचे लिहिले होते का, हे त्यांनी विचारले नाही. संध्याकाळी टीचर तक्ता गुंडाळून माझ्या घरी घेऊन आली. तिचे डोळे भरले होते. ती हुबळीकडची कन्नड मुलगी, तिचा यात काडीचाही दोष नाही. उलट गोळ्यांच्या वेळा तिनेच आम्हाला सांगितल्या होत्या.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते, म्हणजे पुढचे नीट वाचले जाईल. माझा कन्नडशी झगडा नाही. मला कन्नड बोलता येते, अक्षरे जुळवून वाचताही येते. या मातीत दोन्ही भाषा पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदल्या आहेत. कन्नड पाटी काढा, असे मी कधी म्हटलेले नाही आणि म्हणणार नाही. तिच्या शेजारी मराठी लिहा, एवढेच मागणे आहे, आणि तेही औषधाच्या बाबतीत. दुकानाची पाटी वाचता आली नाही तर माणूस दुसऱ्या दुकानात जाईल. गोळीवरची सूचना वाचता आली नाही तर गोळी उकिरड्यावर जाते. ती जाताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे.

आता एकेक सांगते.

तांदळापासून सुरुवात करते, कारण त्या चुकीत मीही होते. रेशनच्या तांदळात मध्येच काही दाणे वेगळे दिसायला लागले. जरा जास्त पांढरे, कडा गुळगुळीत, पाण्यात टाकले की वर तरंगणारे. गावभर बोलवा झाली की सरकार प्लास्टिकचे तांदूळ देते आहे. दुपारी पडवीत सुपे घेऊन बसायचे आणि दाणे वेचून बाजूला काढायचे, असा बायकांचा नेमच झाला. शेजारची वहिनी ते दाणे कोंबड्यांनाही घालायची नाही. ‘बाई, ह्यात कायतरी घातलंय बघा,’ असे म्हणत ती उकिरड्यावर टाकून यायची. मीही दोन महिने वेचले. ३१ वर्षे शाळेत घालवलेल्या बाईने! एकदा रेशन दुकानात पोत्यावरचे अधिकचे चिन्ह आणि ‘एफ’ हे अक्षर नीट पाहिले, घरी येऊन मुलाला विचारले, शोधले, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

ते दाणे प्लास्टिकचे नसतात. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि ब१२ जीवनसत्त्व मिसळून यंत्रातून दाण्याच्या आकारात काढलेले असतात. साध्या तांदळाच्या १०० भागांना तो १ भाग. म्हणजे माणशी ५ किलो धान्यात जेमतेम ५० ग्रॅम, एक मूठ. पंतप्रधानांनी २०२१ च्या १५ ऑगस्टच्या भाषणात जाहीर केलेली, देशभर पोचवलेली एवढी मोठी योजना त्या एका मुठीत होती, आणि आमच्या गावात नेमकी तीच मूठ सुपातून बाहेर काढून फेकली जात होती. उरलेला, काहीच न घातलेला तांदूळ मात्र आम्ही निवडून, धुऊन, निश्चिंत मनाने शिजवत होतो.

हे एका मराठी कागदाने थांबले असते. रेशन दुकानाच्या दारावर चार ओळी लावायच्या: हे दाणे वेचू नका, तांदूळ चोळून चोळून धुऊ नका, भाताचे पाणी काढत असाल तर ती पेज फेकू नका, प्या, कारण पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे तिच्यात उतरतात, घरात कुणाला थॅलेसेमिया (रक्ताचा आनुवंशिक आजार) असेल तर डॉक्टरांना विचारा. पेज पिणे तर आमच्या घरांत नवे नाही. आमची आजी उकड्या तांदळाची पेज मीठ घालून सगळ्यांना द्यायची. भात सालीसकट उकडला की सालीजवळचे ब१ जीवनसत्त्व आत दाण्यात मुरते आणि कांडल्यावरही बरेचसे राहते. हे तिला कुणी सांगितले नव्हते, पण ती करत होती. पॉलिश केलेल्या पांढऱ्याशुभ्र तांदळाने पाय लुळे पडतात, याचा माग डच डॉक्टर आइकमन यांना १८९० च्या दशकात जावामध्ये कोंबड्यांवरून लागला, आणि १९२९ साली त्यांना नोबेल मिळाले. गावातल्या बायका अडाणी आहेत म्हणून त्यांनी दाणे फेकले, असे कृपा करून म्हणू नका. अन्नात अनोळखी काही दिसले तर पोरांच्या ताटात ते पडू न देणे, हे आईचे कामच आहे. ओळख करून देणे तुमचे काम होते.

दुसरे, लाल गोळ्या. गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. एकेका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड. याशिवाय कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाची वेगळी गोळी. आमच्या गल्लीतली एक सून, माझीच विद्यार्थिनी, या दोन्ही गोळ्या सकाळच्या चहाबरोबर एकदमच घ्यायची, विसरायला नको म्हणून. कॅल्शियम आणि चहा दोन्ही लोहाला रक्तात मिसळू देत नाहीत. बिचारी नेमाने गोळी गिळत होती आणि गोळी नेमाने वाया जात होती. पुढे शौचाला काळे होऊ लागले, तशी ती घाबरली आणि कुणाला न सांगता गोळ्या बंद केल्या. काळे होणे हा लोहाचा साधा परिणाम आहे. घाबरायचे कारण नाही, हे एक वाक्य तिच्या हातातल्या कागदावर कन्नडमध्ये छापलेले होते. मी तिला ते वाचून दाखवले, तेव्हा आठवा महिना लागला होता. ती म्हणाली, ‘बाई, हे आधी कळलं असतं तर...’ आणि गप्प बसली. तिचे रक्त, म्हणजे हिमोग्लोबिन, तेव्हा ८ वर आले होते.

या गोळीतल्या फॉलिक अ‍ॅसिडचा शोध आपल्याच बायकांच्या रक्तातून लागला आहे. १९२८ साली इंग्लंडहून डॉक्टर ल्युसी विल्स मुंबईला आल्या आणि गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायका रक्त कमी होऊन का मरतात, याचा त्यांनी माग काढला. त्या काय खातात, काय खायला मिळत नाही, हे पाहिले. यीस्टच्या अर्काने बायका बऱ्या होतात, हे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कात जे काही होते, ते पुढे फॉलिक अ‍ॅसिड म्हणून ओळखले गेले. बाळाच्या मेंदूचा आणि मणक्याचा पाया पहिल्या महिन्यातच घातला जातो, आणि तेव्हा हेच जीवनसत्त्व लागते. बाईला आपण गरोदर आहोत हे कळायच्या आतच ती वेळ निघून जाऊ शकते. म्हणून ही माहिती लग्न ठरलेल्या मुलीच्या हातात आधीच पडायला हवी, तिला वाचता येईल अशा अक्षरांत.

तिसरे माझ्या घरातले. माझी सून महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातली. तुमच्या नकाशावर मध्ये राज्याची हद्द आहे. आमच्या लेखी ते व्याह्यांचे घर, सकाळी निघालो तर दुपारच्या जेवणाला परत. इकडच्या मुली तिकडे दिल्या जातात, तिकडच्या इकडे येतात, आणि पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत काही हद्दीने मोडलेली नाही. नातू चंदगडकडे जन्मला. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लसीबरोबर ‘अ’ जीवनसत्त्वाचा पहिला डोस तिथेच मिळाला. कार्ड मराठी. दीड वर्षाचा झाला तेव्हा सून त्याला इकडे लसीकरणाला घेऊन गेली. नर्सबाई कलबुर्गीकडून नव्याने आलेल्या. त्यांना मराठी कार्डावरचे काही लागेना, सुनेला त्यांचे कन्नड कळेना. आधीचा डोस कधी झाला हे नक्की नसताना पुन्हा द्यायला त्या तयार झाल्या नाहीत, आणि त्यांचे बरोबरच होते. हे औषध सहा महिन्यांच्या अंतरानेच द्यायचे. ते यकृतात साठते, जवळजवळ दिले तर बाधते. ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणून पोर परत आले. मी त्या दिवशी डोळे तपासायला बेळगावला गेले होते. घरी असते तर कार्ड वाचून दाखवले असते. पण गावातल्या किती घरांत कार्ड वाचायला निवृत्त शिक्षिका बसलेली असते?

पाच वर्षांपर्यंत एकूण ९ डोस असतात. एक हुकला तर लगेच पोर आंधळे होत नाही, हे मला कळते. पण ‘अ’ कमी पडले की आधी संध्याकाळी कमी दिसू लागते, आणि लहान पोर ते सांगत नाही. दिवेलागणीला ते उंबऱ्याला अडखळते, वाटीसाठी हात चाचपडते, आणि आपण ‘नीट बघ की रे’ म्हणून ओरडतो. माझ्या वर्गात १९९० च्या सुमारास असा एक मुलगा होता. दिवसा फळ्यावरचे सगळे वाचायचा. संध्याकाळी मात्र धाकट्या बहिणीच्या हाताला धरून घरी जायचा. रातांधळेपणा हा शब्द मला माहीत होता, पण त्याच्यावर उपाय म्हणून काही थेंब औषध असते आणि तेही फुकट मिळते, हे मला तेव्हा माहीत नव्हते. देशात ती योजना १९७० सालापासून होती! तो मुलगा मला अजून आठवतो. त्याच्यासाठीच मी तक्त्यावर चमचा काढला.

इकडे मिळणाऱ्या कार्डाचे नाव ‘तायी कार्ड’. कन्नडमध्ये तायी म्हणजे आई. आमच्या बायका त्याला ‘ताई कार्ड’ म्हणतात आणि ते आपल्या थोरल्या बहिणीसारखे जपतात. प्लास्टिकच्या पिशवीत घालून तांदळाच्या डब्यात ठेवतात. नाव त्यांनी आपलेसे केले आहे. आतली पाने तेवढी परकी राहिली आहेत.

खाण्यापिण्याच्या सल्ल्याबद्दल थोडेच लिहिते. शाळेत आठवड्याचे सहा दिवस अंडी द्यायचा निर्णय २०२४ मध्ये झाला, त्याबद्दल मनापासून आभार. अंड्यात अ, ड आणि ब१२ तिन्ही आहेत. पण आमच्याकडे माळकरी घरे पुष्कळ आहेत. तिथे अंडे चालत नाही, आणि ब१२ तर पालेभाजीत नसतेच. त्या घरांना दूध, दही, ताक मुलांच्या तोंडचे काढून डेअरीला घालू नका, हे सांगायला हवे. शेवग्याचा पाला, तांबडा माठ, पावसाळ्यातला टाकळा आमच्या बांधावर फुकट उगवतो. त्याला तेलाची फोडणी द्या म्हणजे त्यातले ‘अ’ अंगी लागते, आणि वरून लिंबू पिळा म्हणजे ‘क’मुळे लोह शोषले जाते, एवढे सांगणारे कुणी हवे. बेळगाव भागातले शेतकरी वर्षानुवर्षे रताळी पिकवून दूरदूरच्या बाजारांत पाठवतात. पांढऱ्या गराच्या रताळ्यात ‘अ’ नसल्यातच जमा. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेने ‘भू सोना’ नावाची केशरी गराची जात काढली आहे. तिचे वेल अंगणवाडीच्या परसात लावायला मिळाले तर औषधाच्या चमच्याला जोड मिळेल. बागायत खात्याशी तुम्ही एक शब्द बोललात तरी हे होईल. माझ्या मनात हे फार दिवस आहे, म्हणून जाता जाता लिहिले.

आम्ही दयेची भीक मागत नाही. भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठी केंद्र सरकारने १९५६ साली जे निवेदन काढले, त्यात एखाद्या भागात १५ ते २० टक्के लोक वेगळी भाषा बोलणारे असतील तर महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही काढाव्यात, असे म्हटले आहे. खानापुरात मराठी घरे याच्या कितीतरी वर आहेत. आणि महत्त्वाची सूचना म्हणजे तरी काय? गरोदर बाईने गोळी कशी घ्यावी, याहून महत्त्वाची सूचना मला तरी सुचत नाही.

तेव्हा आमच्या मागण्या अशा:

तायी कार्डाच्या आत मराठीचे एक पान घाला. निदान गोळ्यांचे, लसींचे आणि ‘अ’ जीवनसत्त्वाच्या डोसचे कोष्टक दोन्ही भाषांत छापा, आणि चंदगड, गडहिंग्लजकडची कार्डे कशी वाचायची, हे इकडच्या नर्सबाईंना एका दुपारच्या बैठकीत शिकवा. शिकवायला मी येईन, मानधन नको.

लाल, निळ्या, गुलाबी गोळ्यांच्या पाकिटाबरोबर मराठीत चार ओळींची चिठ्ठी द्या: जेवणानंतर घ्या, चहाबरोबर नको, कॅल्शियमच्या गोळीत आणि हिच्यात दोन तासांचे अंतर ठेवा, शौचाला काळे झाले तरी थांबवू नका.

प्रत्येक रेशन दुकानाच्या दारावर त्या वेगळ्या दाण्यांची माहिती मराठीत आणि कन्नडमध्ये लावा. कन्नड बायकाही ते दाणे वेचतात. पलीकडच्या गल्लीत मी पाहिले आहे.

आणि आमचा तक्ता भिंतीवर परत लावू द्या. तो उतरवण्याचा लेखी आदेश असेल तर आम्हाला दाखवा. नसेल, तर तोंडी आदेश तोंडी मागे घेतला तरी चालेल. त्यात एखादी चूक असेल तर लाल पेनाने दुरुस्त करा, मी त्या खुणेचा मान राखीन.

तक्ता सध्या माझ्या कपाटात आहे, कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या घालून ठेवला आहे. पपईचा एक कोपरा काढताना फाटला, तो त्या मुलीने पुन्हा रंगवून दिला. त्याच मजकुराचा कन्नड तक्ता टीचरने रात्री जागून तयार केला आहे. दोन्ही शेजारी शेजारी लावायचे ठरले आहे, खिळे अजून भिंतीतच आहेत. नातवाचा पुढचा डोस फेब्रुवारीत आहे. त्याआधी कळवा.

आपली,
खानापूर तालुक्यातील एक निवृत्त शिक्षिका